हैरतानचा पूल

१५ फेब्रुवारी १९८९ च्या सकाळी अमू दर्यावरच्या लोखंडी पुलावरून जनरल बोरिस ग्रोमोव्ह पायी चालत उत्तरेला गेला. मागे अफगाणिस्तानचे हैरतान बंदर, पुढे सोव्हिएत संघातले तिर्मिझ. पलीकडच्या टोकाला त्याचा चौदा वर्षांचा मुलगा माक्सिम हातात फुले घेऊन उभा होता. बापलेकांचे ते छायाचित्र जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापले. नऊ वर्षे आणि सात आठवडे चाललेले युद्ध रशियनांपुरते त्या पुलावर संपले.

पण त्याच पुलावरून उलट्या दिशेला जी वाहतूक चालली होती, तिचे छायाचित्र कुणी काढून ठेवल्याचे दिसत नाही. पिठाची पोती, डिझेलचे टँकर, तोफगोळे, रशियात छापलेल्या अफगाणी नोटा असे सारे दक्षिणेकडे जात राहिले. फौज उत्तरेला गेली आणि रसद दक्षिणेला येत राहिली. पुढची तीन वर्षे काबूलमध्ये जे सरकार टिकले, त्याचा श्वास या एका पुलावर आणि काबूलच्या विमानतळावर अडकलेला होता.

ते टिकेल असे तेव्हा जवळजवळ कुणालाच वाटत नव्हते. अमेरिकेने ३० जानेवारीलाच काबूलच्या वकिलातीला कुलूप लावले. ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, जपान यांनीही गाशा गुंडाळला. भारताने मात्र आपली वकिलात चालू ठेवली. बाकीचे जग आठवडे मोजत होते. परकी फौज निघून गेल्यावर युद्धाने पोळलेला देश स्थिर होऊ शकतो का, या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांच्या खिशात तयार होते. काबूलने ते खोटे ठरवले. फौज गेल्यावर तीन वर्षे आणि दोन महिने ते सरकार उभे राहिले. म्हणून हे प्रकरण मला बारकाईने पाहावेसे वाटते. कोसळण्याच्या दिवसाकडे सगळे पाहतात. टिकण्याचे दिवस कसे गेले, तेही पाहायला हवे.

त्या सरकारचा प्रमुख डॉ. नजीबुल्ला. काबूल विद्यापीठातून वैद्यकी शिकलेला, धिप्पाड अंगाचा पख्तून. लोक त्याला मागे ‘नजीबे-गाव’ म्हणत, म्हणजे बैल नजीब. १९८० पासून तो ‘खाद’ या गुप्त पोलिसांचा प्रमुख होता आणि त्या खात्याच्या कोठड्यांतून हजारो माणसांनी जे सोसले, त्याची जबाबदारी त्याच्या शिरावरून कधीच उतरत नाही. मे १९८६ मध्ये मॉस्कोने आधीचा प्रमुख बबराक कारमाल याला बाजूला सारून नजीबला पुढे आणले, ते परतीची वाट तयार करण्यासाठी. गोर्बाचेव्हने त्याच वर्षी फेब्रुवारीत पक्षाच्या अधिवेशनात अफगाणिस्तानला वाहती जखम म्हटले होते. नोव्हेंबरपर्यंत पॉलिटब्युरोत ठरले की दोन वर्षांत बाहेर पडायचे. १४ एप्रिल १९८८ ला जिनिव्हात करार झाला, १५ मे पासून फौजा निघू लागल्या. करारावर अफगाणिस्तान आणि पाकिस्तानच्या सह्या होत्या, हमी अमेरिका आणि सोव्हिएत संघाची होती. जे लढत होते त्या मुजाहिदीनांची सही मात्र कुठेच नव्हती. पुढच्या साऱ्या दुःखाचे बी याच कागदात आहे, असे माझे मत आहे. भांडणाऱ्यांना वगळून भांडण मिटवले गेले.

तोवर अफगाण समाज पार विस्कटला होता. सोव्हिएत संघाचे सुमारे पंधरा हजार सैनिक मेले. अफगाणांच्या मृत्यूंचा अंदाज दहा लाखांच्या आसपास केला जातो. पन्नास लाखांहून जास्त माणसे पाकिस्तान आणि इराणच्या छावण्यांत होती. अशा देशाला स्थिर कर असे नजीबला सांगून पाहुणे निघाले होते.

१९८९ चा तो हिवाळा काबूलला फार जड गेला. शहराला धान्य आणि इंधन येणार ते हैरतानहून, मझारे-शरीफ, पुले-खुमरी असे करत आणि शेवटी हिंदुकुश ओलांडणाऱ्या सालंगच्या बोगद्यातून. रशियनांनीच १९६४ मध्ये बांधलेला हा बोगदा पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांब, समुद्रसपाटीपासून अकरा हजार फुटांवर. बर्फ कोसळला किंवा बंडखोरांनी रस्ता धरला की शहर उपाशी. काबूलमध्ये घरोघरी पोळ्या लाटत नाहीत. नानवाईच्या दुकानातून नान आणतात. जमिनीत पुरलेला तंदूर, भोवती मांडी घालून बसलेले कामगार. एक गोळे करतो, एक बोटांनी कणकेवर चर पाडतो, एक हात तंदुरात घालून भिंतीवर थापतो आणि लोखंडी आकड्याने भाजलेला नान उपसून काढतो. वीतभर रुंद आणि हातभर लांब तो नान कागदातही न गुंडाळता काखेत मारून पोरे घरी पळतात. त्या जानेवारी-फेब्रुवारीत या दुकानांपुढे पहाटेच्या अंधारात बर्फात रांगा लागत. बायका, म्हातारे, शाळकरी मुले. पीठ संपले की झडप बंद. रशियन विमाने पिठाची पोती उतरवत होती, तेव्हा कुठे शहर तगत होते. रणनीतीच्या पुस्तकांत तोफांची यादी पानेच्या पाने असते. राजधानी पडणार की राहणार याची खबर मात्र नानवाईच्या झडपेपाशी आधी लागते.

सालंगच्या रस्त्यावर उत्तरेतल्या मुजाहिदीनांचा सेनापती अहमद शाह मसूद याची माणसे होती. निघून जाणाऱ्या रशियनांना त्यांनी मोठ्या प्रमाणावर छेडले नव्हते, जाणाऱ्याला जाऊ द्यावे असे धोरण होते. तरी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, निघण्याला तीन आठवडे उरले असताना, रशियन विमाने आणि तोफखान्याने सालंगच्या आसपासची गावे भाजून काढली. नजीबचा हट्ट आणि परराष्ट्रमंत्री शेवर्दनाद्झेचा पाठिंबा. ग्रोमोव्हसह सेनाधिकाऱ्यांना ते पटले नव्हते, पण हुकूम पाळला गेला. भर बर्फात शेकडो गावकरी मेले. या हल्ल्याबद्दल वाचताना मला दर वेळी संताप येतो. नजीब तेव्हा ‘राष्ट्रीय समेट’ हा शब्द दोन वर्षे जपत होता आणि उत्तरेत ज्याच्याशी समेट सर्वात मोलाचा ठरला असता, त्याच्या दारात त्याने प्रेते टाकली. तीन वर्षांनी हिशेब झाला तेव्हा काबूलच्या उत्तरेच्या वेशीवर मसूदच उभा होता.

रशियन गेल्यावर तीनच आठवड्यांत कसोटी आली. पेशावरमधल्या सात मुजाहिदीन पक्षांनी पाकिस्तानात बसून हंगामी सरकार बनवले होते. सिबगतुल्ला मोजद्ददी अध्यक्ष, अब्दुल रसूल सय्याफ पंतप्रधान. त्या सरकारला अफगाण भूमीवर एक राजधानी हवी होती. पाकिस्तानच्या आयएसआयचा तेव्हाचा प्रमुख हमीद गुल याने बोट ठेवले जलालाबादवर: खैबरखिंडीच्या पलीकडचे, संत्र्यांच्या बागांचे शहर. मार्च १९८९ च्या पहिल्या आठवड्यात दहा हजारांहून अधिक मुजाहिदीन चालून गेले. शहराच्या आग्नेयेला असलेला समरखेलचा तळ पहिल्याच धडाक्यात पडला, विमानतळाच्या कडेपर्यंत ते पोचले. दोन दिवसांत जलालाबाद, महिनाभरात काबूल, असा पेशावरचा हिशेब होता.

शहर पडले नाही. ज्या सरकारी फौजेची पळपुटी म्हणून थट्टा होत होती, ती खंदकात पाय रोवून लढली. काबूलजवळच्या तळावरून स्कड क्षेपणास्त्रे सुटत होती, या एका लढाईत चारशेहून अधिक. ती चालवणारे तंत्रज्ञ रशियन होते. शेवटचा सैनिक पुलापलीकडे गेला ही गोष्ट पूर्ण खरी नव्हती. स्कडचा वेग आवाजापेक्षा जास्त, म्हणून ते येताना ऐकू येत नाही. डोंगरात कुडकुडत बसलेल्या माणसांना सावध व्हायला क्षणही मिळत नसे. ज्यांनी नऊ वर्षे टेकड्यांत लपून छापे घातले होते, त्यांना आता उघड्या सपाटीवर, रणगाडे आणि विमानांपुढे, ठरलेल्या वेळी चाल करायला लावले होते. गनिमी कावा सोडून मैदानी लढाईत उतरले की काय होते, हे मराठी वाचकाला पानिपतानंतर निराळे सांगायला नको. उन्हाळा आला तेव्हा वेढा विरला होता. हजारो मेले होते, हजारो कुटुंबे शहर सोडून गेली होती. बेनझीर भुट्टोंनी मे महिन्यात हमीद गुलला आयएसआयवरून हटवले.

सरकारी सैनिक का लढले? रशियन शस्त्रे हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे समरखेल आणि सरहद्दीवरच्या चौक्यांत आहे. तिथे शरण आलेल्या सैनिकांना कापून काढल्याच्या बातम्या जलालाबादच्या खंदकांत पोचल्या होत्या. ज्याला शरण जाऊन घरी जाण्याची वाट दिसते, तो बंदूक टाकतो. ज्याला ती वाट बंद दिसते तो शेवटच्या काडतुसापर्यंत लढतो. त्या सैनिकाला मार्क्सशी देणेघेणे नव्हते. आणि परका शत्रू देशात उरला नव्हता, त्यामुळे जिहादची हाकही पूर्वीसारखी पोचत नव्हती. समोर आता रशियन नव्हता, आपल्याच खोऱ्यातला कुणी चुलत-मावस भाऊ होता.

नजीबने हे ओळखले. १९८७ च्या घटनेत इस्लामला राष्ट्राचा धर्म म्हटले गेले होते, देशाच्या नावातून ‘लोकशाहीवादी’ हा शब्द गेला होता. १९९० मध्ये आपल्या कम्युनिस्ट पक्षाचे नावही बदलून त्याने ‘वतन’ केले. आपल्याकडे वतन म्हटले की पाटील-देशमुखांची इनामे आठवतात, आणि योगायोग असा की नजीबचा कारभारही आतून वतनदारीचाच होता. ज्या टोळीप्रमुखाला फोडता येईल त्याला पैसा, बंदुका, गहू, गणवेश द्यायचा आणि त्याच्याच खोऱ्याची राखण त्याच्याकडे सोपवायची. शेकडो कमांडरांशी असे तह झाले. त्यांच्यात सर्वात मोठा निघाला जौझजानचा उझबेक अब्दुल रशीद दोस्तम. त्याची फौज देशभर जिथे आग लागेल तिथे धावत असे. ही निष्ठा मुशाऱ्याची होती. मुशारा सोव्हिएत तिजोरीतून येत होता, वर्षाला सुमारे तीन अब्ज डॉलरच्या मदतीतून. देशाचे स्वतःचे म्हणता येईल असे उत्पन्न होते ते उत्तरेतल्या नैसर्गिक वायूचे, आणि रशियन तंत्रज्ञ परतताना त्या विहिरीच बंद करून गेले. उरल्या त्या छापलेल्या नोटा, आणि त्या जितक्या येत, तितके नान महागत गेले.

यात नवे काही नव्हते. हा देश फार पूर्वीपासून असाच चालत आला होता. ब्रिटिशांनी १८३९ मध्ये शाह शुजाला काबूलच्या गादीवर बसवले. जानेवारी १८४२ मध्ये त्यांची फौज काबूलहून निघाली आणि वाटेतच संपली, एप्रिलमध्ये शाह शुजाही मारला गेला. त्या युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ मुंबईत कुलाब्याला चर्च उभे आहे, त्याला आजही अफगाण चर्च म्हणतात. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच झाले. २७ जुलै १८८० ला मैवंदच्या मैदानात बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या मुंबई फौजेच्या पलटणी उद्ध्वस्त झाल्या. पण या खेपेला इंग्रज एक गोष्ट वेगळी करून गेले. गादी त्यांनी अब्दुर रहमान खान या कडव्या माणसाला दिली, १८८१ पर्यंत कंदाहारही सोडले आणि १८८३ पासून त्याला हिंदुस्थानच्या तिजोरीतून वर्षाला बारा लाख रुपये सुरू केले. १८९३ मध्ये ड्युरंड रेषा आखली गेली तेव्हा ते अठरा लाख झाले. आपल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातला पैसा काबूलच्या अमिराच्या फौजेवर जात होता. अब्दुर रहमान वीस वर्षे टिकला आणि १९०१ मध्ये अंथरुणात मेला. मुलाने शांतपणे गादी घेतली. अफगाण इतिहासात ही विरळा गोष्ट. परकी फौज गेल्यावर देश स्थिर झाल्याचा हा दाखला आहे, आणि तो देताना हजारा जमातीच्या लोकांची आठवण टाळता येत नाही. त्यांचे बंड मोडताना अमिराने कत्तली केल्या, माणसे गुलाम म्हणून विकली, जमिनी काढून घेतल्या. त्या स्थैर्याची किंमत हजाराजातल्या घराघराने मोजली.

नजीबला मिळालेल्या तीन वर्षांत बोलणी व्हायला हवी होती. मैदानात कोंडी झालेली असते तेव्हाच बोलणी फळतात. जलालाबादनंतर ती कोंडी पक्की होती: बंडखोर शहरे घेऊ शकत नव्हते, सरकार खेडी घेऊ शकत नव्हते. पण वॉशिंग्टन आणि मॉस्को दोघेही आपापल्या माणसांना शस्त्रे पुरवत राहिले. नजीब असेपर्यंत बोलायचे नाही यावर पाकिस्तान अडून बसला. आणि घरात, नजीबच्या स्वतःच्या पक्षात, खल्क आणि परचम हे जुने तट एकमेकांचा गळा धरून होते. मार्च १९९० मध्ये संरक्षणमंत्री शाहनवाज तनाई या कडव्या कम्युनिस्टाने कडव्या इस्लामी गुलबुद्दीन हेकमतयारशी संधान बांधून बंड केले आणि काबूलवर आपल्याच विमानांनी बाँब पडले. बंड फसले, तनाई पाकिस्तानात पळाला. वर्षभराने, मार्च १९९१ च्या अखेरीस, अनेक वर्षे वेढ्यात तगलेले खोस्त पडले. तरीही डोलारा उभाच होता.

तो हलला मॉस्कोत. ऑगस्ट १९९१ च्या फसलेल्या बंडाने सोव्हिएत संघाचा कणा मोडला. १३ सप्टेंबरला अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री बेकर आणि सोव्हिएत परराष्ट्रमंत्री पान्किन यांनी ठरवले की १ जानेवारी १९९२ पासून दोन्ही बाजूंची शस्त्रे बंद. कागदावर हा न्याय बरोबरीचा दिसतो. प्रत्यक्षात मुजाहिदीनांना पाकिस्तान आणि सौदी अरेबियाचा हात उरला, नजीबला कुणाचाच नाही. नवे वर्ष उजाडले तेव्हा सोव्हिएत संघ हा देशच नकाशावर नव्हता. विमाने होती, इंधन नव्हते. सैनिक होते, पगार नव्हता. हैरतानच्या पुलावरून ट्रक यायचे थांबले.

आणि पहिली ठिणगी हैरतानलाच पडली. जानेवारी १९९२ मध्ये नजीबने तिथल्या ताजिक सेनापतीला, जनरल अब्दुल मोमीनला हटवून पख्तून अधिकारी पाठवायचे ठरवले. रसदीचे शेवटचे कोठार विश्वासू हातात असावे हा त्याचा विचार असणार. मोमीनने बदली धुडकावली. किल्लेदार फितूर झाला, आणि जी फौज अशा वेळी धावत यायची ती दोस्तमची फौज त्याच्याच बाजूने उभी राहिली. मुशारा आटला होता, आता दोस्तमला नवा धनी शोधायचा होता किंवा स्वतःच धनी व्हायचे होते. मार्चच्या मध्यात मझारे-शरीफ गेले. १८ मार्चला नजीबने जाहीर केले की हंगामी सत्ता तयार होताच आपण पायउतार होऊ. त्याच्या शत्रूंनाही या वाक्याचा फायदा करून घेता आला असता. पण पायउतार होणाऱ्याचे हुकूम कोण पाळतो? एप्रिलच्या मध्यात बगराम आणि चारीकार मसूदच्या हाती गेले.

१५ एप्रिलच्या रात्री संयुक्त राष्ट्रांचा दूत बेनोन सेवान विमान घेऊन काबूलच्या धावपट्टीवर थांबला होता. नजीबला घेऊन ते भारतात जाणार होते. त्याची पत्नी आणि मुली आधीच दिल्लीला पोचल्या होत्या. मध्यरात्रीनंतर मोटारींचा छोटा ताफा निघाला. एकेक नाका परवलीच्या शब्दावर उघडत गेला. विमानतळाजवळच्या शेवटच्या नाक्यावर तो शब्द चालला नाही. तिथे दोस्तमची माणसे होती. नजीब त्यांच्यावर ओरडला. ज्यांना त्याने वर्षानुवर्षे पोसले होते, त्यांनी बंदुका खाली केल्या नाहीत. मोटारी मागे वळल्या आणि देशाचा अध्यक्ष संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत आश्रयाला गेला. साडेचार वर्षे तो तिथेच होता. त्या काळात तो पीटर हॉपकर्कचे ‘द ग्रेट गेम’ हे पुस्तक पश्तूत उतरवत असे, आपल्या लोकांनी हा इतिहास वाचावा म्हणून. २७ सप्टेंबर १९९६ ला तालिबान शहरात शिरले, त्यांनी त्याला आणि त्याच्या भावाला ठार करून अरियाना चौकात टांगले.

त्या साडेचार वर्षांत काबूलचे जे झाले ते मला अधिक अस्वस्थ करते. रशियन युद्धात राजधानी बऱ्यापैकी शाबूत राहिली होती. ती उद्ध्वस्त झाली ती परके गेल्यावर, मुजाहिदीनांच्या आपसातल्या लढाईत. हेकमतयारचे अग्निबाण दक्षिणेकडून पडत, मसूद, दोस्तम आणि हजारा वहदत पक्ष गल्लोगल्ली लढत आणि दर काही महिन्यांनी बाजू बदलत. हजारो नागरिक मेले. मैवंदच्या विजयाचे नाव दिलेला जादे-मैवंद हा शहराचा गजबजलेला बाजाररस्ता दोन्ही कडांनी ढिगारा झाला. आत नान भाजत होते त्या दुकानांना छपरे उरली नाहीत.

पुढे अमेरिका आली, वीस वर्षे राहिली. या खेपेला सारी रसद या एका पुलावर अडकलेली नव्हती, पण अवलंबन तेच होते, किंबहुना अधिक. अफगाण सरकारच्या खर्चातला सुमारे तीन चतुर्थांश पैसा परदेशी अनुदानाचा होता. अफगाण कारागीर डोळे मिटून दुरुस्त करू शकत होते ती रशियन हेलिकॉप्टरे हळूहळू बाजूला सारून अमेरिकी ब्लॅकहॉक दिले गेले, आणि त्यांची देखभाल परदेशी कंत्राटदारांकडे राहिली. फेब्रुवारी २०२० चा दोहा करार झाला तो तालिबानशी. या वेळी वगळलेला पक्ष होता काबूलचे सरकार. सैन्याबरोबर कंत्राटदारही निघाले. १९८९ मध्ये फौज गेली आणि रसद राहिली होती. २०२१ मध्ये दोन्ही एकदमच गेल्या. ६ ऑगस्टला झरंज हे पहिले प्रांतिक शहर पडले, १५ ऑगस्टला काबूल. अमेरिकेचा शेवटचा सैनिक निघायला तेव्हा अजून दोन आठवडे होते.

मझारे-शरीफ पडले १४ ऑगस्टला. त्या संध्याकाळी सरकारी सैनिकांच्या गाड्या उत्तरेच्या रस्त्याने हैरतानकडे धावल्या आणि ग्रोमोव्ह जिथून चालत गेला होता त्या पुलावर, उझबेकिस्तानच्या बंद फाटकापुढे, एकामागे एक अडकून उभ्या राहिल्या. त्याच रात्री एक म्हातारा मार्शलही पळून नदीपलीकडे पोचला. त्याचे नाव अब्दुल रशीद दोस्तम.